एनएफएल ड्राफ्टमध्ये मुख्य प्रशिक्षकाचा शब्द किती चालावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एप्रिलच्या अखेरीस एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगचा, ड्राफ्ट (नव्या खेळाडूंची निवड) झाला की आमच्या ओळखीतल्या मराठी घरांमध्ये दरवर्षी तोच वाद रंगतो. हरलं तर शिव्या कोचला, मग खेळाडू निवडताना त्याचं ऐकायचं की नाही? मी १९९६ पासून बोस्टनच्या आसपास राहतो आणि इथल्या संघाचा, पेट्रियट्सचा, सामना सहसा चुकवत नाही. लोक मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं त्या नजरेनं वाचता येईल. प्रशिक्षकाला नकाराचा अधिकार हवा, होकाराचा नको. "हा मुलगा माझ्याकडे चालणार नाही" असं तो म्हणाला, तर विषय संपला. "हाच मुलगा घ्या" असं म्हणाला, तर ते खोलीतल्या इतर मतांसारखंच एक मत.

ड्राफ्ट म्हणजे आयपीएलच्या लिलावासारखंच ना?

नाही. लिलावात पैसा बोलतो, इथे पाळी बोलते. ३२ संघ, सात फेऱ्या. गेल्या मोसमात जो सगळ्यांत वाईट खेळला त्याची पाळी पहिली. फिलाडेल्फिया ईगल्सचे बर्ट बेल यांची ही कल्पना, आणि पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. कॉलेजमधून येणाऱ्या खेळाडूचा पगार तो कितव्या क्रमांकावर निवडला गेला यावर जवळजवळ ठरलेला असतो, त्यामुळे जास्त पैसे दाखवून कोणाला पळवता येत नाही.

पण एक गोष्ट करता येते. आपली पाळी दुसऱ्या संघाला देऊन टाकता येते, अगदी पुढच्या वर्षीचीसुद्धा. खाली ज्या फसलेल्या व्यवहारांच्या गोष्टी येतील, त्यांतल्या बऱ्याच या एका सोयीतून घडल्या आहेत.

निवड करायला जनरल मॅनेजर असतो. मग वाद कशाचा?

वाद करारातल्या एका वाक्याचा असतो: अंतिम शब्द कोणाचा. तो कुठे जनरल मॅनेजरचा असतो, कुठे प्रशिक्षकाचा, आणि डॅलसमध्ये तर मालक जेरी जोन्स १९८९ पासून स्वतःच जनरल मॅनेजर आहेत.

लोकांच्या लक्षात न येणारी गोष्ट अशी की हे अधिकार दोन आहेत. एक, ड्राफ्टमध्ये नाव घेण्याचा. दुसरा, मोसम सुरू होताना ५३ जणांच्या यादीत कोणाला ठेवायचं हे ठरवण्याचा. काही संघ पहिला जनरल मॅनेजरला देतात आणि दुसरा प्रशिक्षकाला. कागदावर ही वाटणी छान दिसते. प्रत्यक्षात, ज्याला प्रशिक्षकाची ना होती असा मुलगा निवडला गेला, तर तो यादीत राहतो पण मैदानात उतरत नाही. दोन वर्षांनी सगळे म्हणतात, निवड चुकली. निवड चुकली की मुलाला संधीच मिळाली नाही, हे मग कधीच कळत नाही.

"स्वयंपाक मी करायचा तर बाजारहाटही मला करू द्या" हे कोण म्हणालं होतं?

पेट्रियट्सचे तेव्हाचे मुख्य प्रशिक्षक बिल पार्सेल्स, जानेवारी १९९७ च्या अखेरीस, संघ सोडताना. त्यांच्या बोलण्याचा आशय असा: जेवण रांधायला सांगता, तर निदान थोडी भाजी तरी मला निवडू द्या. मी तेव्हा इथे नवा होतो. खेळाचे नियम धड कळत नव्हते, पण हे वाक्य लगेच कळलं. मंडईतून कोणी भलतीच भाजी आणून ओट्यावर ठेवली की काय वाटतं, हे कोणत्याही मराठी घरात सांगावं लागत नाही.

मागची गोष्ट १९९६ च्या ड्राफ्टची. पार्सेल्स यांना बचावफळीतला खेळाडू हवा होता. खेळाडू विभाग सांभाळणारे बॉबी ग्रिअर यांना टेरी ग्लेन हा वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा खेळाडू) हवा होता. मालक रॉबर्ट क्राफ्ट यांनी ऐन वेळी ग्रिअर यांच्या बाजूनं कौल दिला आणि सातव्या क्रमांकावर ग्लेनचं नाव घेतलं गेलं. ग्लेननं पहिल्याच मोसमात ९० झेल घेतले, तेव्हाचा नवोदितांचा विक्रम. संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत, गेला आणि ग्रीन बेकडून ३५-२१ असा हरला. त्यानंतर काही दिवसांत पार्सेल्स न्यूयॉर्क जेट्सच्या वाटेवर होते.

म्हणजे निवड बरोबर निघाली आणि तरीही प्रशिक्षक गेला. ही गोष्ट माझ्या मताच्या विरुद्ध जाते, हे मला माहीत आहे. पार्सेल्स यांचा नकार मानला असता तर ग्लेन मिळाला नसता. तरी मी म्हणेन की मानायला हवा होता, किंवा निदान तो वाद मार्चमध्ये मिटवायला हवा होता. ज्या माणसाला वर्षभर आपलाच शब्द चालतो असं वाटत होतं, त्याला ड्राफ्टच्या दिवशी भर खोलीत कळलं की चालत नाही. ती जखम ९० झेलांनी भरली नाही.

पण खेळाडूची पारख कोचइतकी कोणाला असणार?

पारख असते, वेळ नसतो. कॅलेंडर बघा. मोसमाचे १७ सामने संपेपर्यंत जानेवारी उजाडतो. संघ पुढे गेला तर फेब्रुवारी. फेब्रुवारीच्या शेवटी इंडियानापोलिसला कंबाइन भरतं. तीनशेहून जास्त मुलं तिथे धावतात, उड्या मारतात, वजनं उचलतात, डॉक्टरांकडून तपासून घेतात. एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट. म्हणजे प्रशिक्षकाच्या हातात फार तर तीन महिने, आणि त्यातही नवे सहायक नेमायचे, अनुभवी खेळाडूंचे करार बघायचे.

स्काउट मात्र ऑगस्टपासून गावोगाव हिंडत असतो. एका मुलाला तो दुसऱ्या वर्षापासून बघतो, त्याच्या शाळेतल्या कोचशी बोलतो, दुखापतीनंतर तो सरावाला किती वाजता येतो हे विचारतो. प्रशिक्षकानं त्याच मुलाच्या सात-आठ सामन्यांची फिल्म पाहिलेली असते आणि समोर बसवून पंधरा-वीस मिनिटं गप्पा मारलेल्या असतात. पंधरा मिनिटांत छाप पाडणारी मुलं असतातच. मुलगी बघायला गेल्यावर कांदेपोहे खाताना जे कळतं, तेवढंच इथे कळतं.

कोचला होकाराचा अधिकार दिला तर बिघडतं काय?

घाई होते. हा दोष माणसाचा नाही, खुर्चीचा आहे. नवोदिताचा करार चार वर्षांचा असतो आणि मुलगा खऱ्या अर्थानं तयार व्हायला दोन-तीन वर्षं जातात. दोन मोसम हरलेल्या प्रशिक्षकाला मात्र तिसरं वर्ष मिळेल की नाही याचीच खात्री नसते. त्याच्या जागी मी असतो तर मीही पुढच्या वर्षीची पाळी विकून आज उपयोगी पडेल असा खेळाडू आणला असता.

१९९९ साली न्यू ऑर्लीन्स सेंट्सचे प्रशिक्षक माइक डिटका यांना टेक्सस विद्यापीठाचा धावपटू (चेंडू घेऊन धावणारा खेळाडू) रिकी विल्यम्स हवा होता. पाचव्या क्रमांकावर त्याला मिळवण्यासाठी सेंट्सनी त्या वर्षीच्या आपल्या सगळ्या उरलेल्या पाळ्या वॉशिंग्टनला दिल्या, वर २००० सालच्या पहिल्या आणि तिसऱ्या फेरीच्याही. म्हणजे आख्ख्या ड्राफ्टमध्ये एक खेळाडू. त्या मोसमात संघ ३-१३ असा (तीन विजय, तेरा पराभव) हरला, डिटका गेले, आणि इतकं हरल्यामुळे वॉशिंग्टनला मिळालेली २००० सालची पाळी थेट दुसऱ्या क्रमांकाची ठरली. विल्यम्स वाईट खेळाडू नव्हता. २००२ मध्ये त्यानं मायामीकडून धावताना १,८५३ यार्ड काढले, त्या मोसमात लीगमध्ये सर्वांत जास्त. पण तोवर तो सेंट्सकडे नव्हता.

दुसरी गोष्ट ह्यूस्टनची. जून २०१९ मध्ये टेक्सन्सनी जनरल मॅनेजरला काढलं आणि कारभार प्रशिक्षक बिल ओब्रायन यांच्याकडे आला. पुढे २०२० मध्ये ते पदही त्यांनाच मिळालं. ऑगस्ट २०१९ च्या शेवटी, मोसम तोंडावर असताना, त्यांनी मायामीला पहिल्या फेरीच्या दोन आणि दुसऱ्या फेरीची एक पाळी देऊन लॅरमी टन्सिल आणला. टन्सिल उत्तम टॅकल, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याचं रक्षण करणारा खेळाडू आहे, यात वाद नाही. पण मार्च २०२० मध्ये डीअँड्रे हॉपकिन्ससारखा रिसीव्हर अॅरिझोनाला देऊन टाकला आणि बदल्यात आला डेव्हिड जॉन्सन हा धावपटू, शिवाय दुसऱ्या फेरीची एक पाळी. ऑक्टोबरमध्ये संघ ०-४ होता आणि ओब्रायन यांना निरोप मिळाला. संघ ४-१२ वर थांबला. मायामीला दिलेली २०२१ ची पाळी त्यामुळे तिसऱ्या क्रमांकाची झाली. हा तिसरा क्रमांक लक्षात ठेवा, खाली पुन्हा येणार आहे.

वरच्या क्रमांकासाठी संघ नेहमीच जास्त किंमत मोजतात, हे केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी आकडेवारीनं दाखवलं आहे. त्यात घाईत असलेला माणूस खरेदीला गेला, तर काय होणार?

बेलिचिक यांनी तर सगळं एकट्यानं केलं. त्याचं काय?

हा प्रश्न मला सगळ्यांत जास्त विचारला जातो आणि त्याचं उत्तर देताना मलाच जड जातं, कारण ते सहा चषक मी डोळ्यांनी पाहिले आहेत.

बिल बेलिचिक २००० साली पेट्रियट्सकडे आले. प्रशिक्षकही तेच आणि खेळाडू निवडीचा अखेरचा शब्दही त्यांचाच. पहिल्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १९९ व्या क्रमांकावर टॉम ब्रॅडी. त्याआधी सहा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारे खेळाडू) निवडले गेले होते. पुढची वीस वर्षं या गावात हिवाळा सुसह्य झाला तो या दोघांमुळे.

पण दोन गोष्टी विसरल्या जातात. पहिली, त्या काळातली पहिली नऊ वर्षं त्यांच्या शेजारी स्कॉट पिओली होते. क्लीव्हलंडपासून बरोबर काम केलेला, खेळाडू विभाग चालवणारा, तोंडावर "नाही" म्हणू शकणारा माणूस. जानेवारी २००९ मध्ये ते कॅन्सस सिटीला गेले. दुसरी, शेवटची वर्षं. २०१९ मध्ये पहिल्या फेरीच्या अखेरच्या, ३२ व्या क्रमांकावर रिसीव्हर म्हणून एनकील हॅरी घेतला. त्याच्यानंतर, त्याच ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत, डीबो सॅम्युअल, ए. जे. ब्राउन आणि डीके मेटकाफ हे पुढे त्याच्याहून कितीतरी सरस ठरलेले रिसीव्हर निवडले गेले. हॅरीला तीन वर्षांनी सातव्या फेरीच्या पाळीवर शिकागोला देऊन टाकावं लागलं. चूक कोणाचीही होते. पण जिथे एकच माणूस निवडतो, शिकवतो आणि खेळवतो, तिथे चूक दाखवून देणारं कोणी उरत नाही. २०२३ चा मोसम ४-१३ असा संपला आणि २४ वर्षांनी बेलिचिक गेले.

बिल वॉल्श यांचं उदाहरणही लोक देतात, आणि ते जास्त बळकट आहे. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी १९७९ मध्ये तिसऱ्या फेरीत, ८२ व्या क्रमांकावर जो मोंटाना घेतला, १९८१ मध्ये रॉनी लॉट, १९८५ मध्ये जेरी राइस. इतकी तीक्ष्ण नजर मी दुसऱ्या कोणाची वाचलेली नाही. तरी तेच वॉल्श २००० साली त्याच संघाचे जनरल मॅनेजर असताना क्वार्टरबॅक म्हणून जोव्हानी कार्माझी घेतला गेला, ६५ व्या क्रमांकावर. तो नियमित मोसमात एकही सामना खेळला नाही. आणि ब्रॅडी तर तिथून हाकेच्या अंतरावरच्या सॅन मटेओचा मुलगा.

मग कोचला विचारूच नये का?

असं मुळीच नाही. २०१७ मध्ये शिकागो बेअर्सनी तिसऱ्यावरून दुसऱ्या क्रमांकावर जाण्यासाठी तीन जादा पाळ्या मोजल्या आणि मिचेल ट्रुबिस्की हा क्वार्टरबॅक घेतला. प्रशिक्षक जॉन फॉक्स यांना हे ड्राफ्टच्या जेमतेम काही तास आधी कळलं, अशा बातम्या तेव्हा आल्या होत्या. त्याच ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर पुढे त्याच्याहून कितीतरी सरस ठरलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स गेला. मोसम संपताच फॉक्स यांना काढलं, म्हणजे ज्याला घडवायला सांगितलं त्यालाच घालवलं. सून आणायची आणि सासूला लग्नाच्या दिवशी कळवायचं, अशातलाच प्रकार.

कोचनं खोलीत सांगायचं तरी काय?

नाव नाही, वर्णन. माझ्या मते हा सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा आहे.

पीट कॅरल यांनी १९९७ ते १९९९ न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे पेट्रियट्सकडे, प्रशिक्षक म्हणून काम केलं तेव्हा खेळाडू निवडीत त्यांचा शब्द फारसा नव्हता. २०१० मध्ये सिएटलला जाताना त्यांनी अंतिम शब्द मागून घेतला. पण तो वापरला कसा, ते बघा. कॅरल स्वतः बचावफळीत खेळलेले. त्यांना कॉर्नरबॅक उंच आणि लांब हातांचे हवे होते, थोडा वेग कमी असला तरी चालेल, पण पलीकडच्या रिसीव्हरला सुरुवातीलाच अडवता आलं पाहिजे. हे वर्णन इतकं नेमकं होतं की जनरल मॅनेजर जॉन श्नायडर आणि त्यांच्या स्काउटना कुठे शोधायचं ते कळलं. बाकीचे संघ अशा मुलांना अवजड म्हणून खाली ढकलत होते. रिचर्ड शर्मन, सहा फूट तीन इंच, स्टॅनफर्डला आधी रिसीव्हर म्हणून खेळलेला, २०११ मध्ये पाचव्या फेरीत १५४ व्या क्रमांकावर मिळाला. त्याआधी २०१० मध्ये कॅम चॅन्सलरही पाचव्या फेरीतच. फेब्रुवारी २०१४ मध्ये याच बचावानं डेन्व्हरला ४३-८ असं लोळवलं.

आणि त्याच संघाचा क्वार्टरबॅक रसेल विल्सन? त्याचा आग्रह श्नायडर यांचा होता. उंची सहा फुटांना कमी, २०१२ ची तिसरी फेरी, ७५ वा क्रमांक. कॅरल यांनी नको म्हटलं नाही, आणि सरावात जो चांगला खेळेल त्याला खेळवलं. म्हणजे करारात अंतिम शब्द कॅरल यांचा असला, तरी प्रत्यक्षात ते वर्णन करत होते आणि नकार राखून होते.

क्वार्टरबॅकच्या बाबतीतही हेच?

इथे कोचचा नकार जास्तच महत्त्वाचा, कारण रोज त्या मुलाबरोबर बसायचं त्यालाच असतं. पण शोध दुसऱ्यानं घेतलेला बरा. कॅन्सस सिटीत ब्रेट व्हीच हे तेव्हा जनरल मॅनेजर नव्हते, खेळाडू विभागात होते. महोम्सच्या फिल्म ते प्रशिक्षक अँडी रीड यांच्या मागे लागून त्यांना दाखवत राहिले. रीड यांची खात्री पटली, आणि २०१७ मध्ये संघ २७ व्या क्रमांकावरून दहाव्यावर गेला. पहिलं वर्ष महोम्स बाकावर बसून शिकला. हे सगळ्यांनी एका सुरात ठरवलं होतं म्हणून जमलं. रीड यांच्याबद्दल आणखी एक सांगतो: फिलाडेल्फियात अखेरचा शब्द त्यांच्याकडे होता आणि तिथे सुपर बोल हुकला. कॅन्सस सिटीत पहिल्यापासून वेगळा जनरल मॅनेजर आहे, आणि तिथे त्यांनी तीन जिंकले.

आता तो तिसरा क्रमांक. ह्यूस्टनकडून मायामीला गेलेली २०२१ ची पाळी मायामीनं सॅन फ्रान्सिस्कोला दिली. त्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोनं आपला १२ वा क्रमांक, २०२२ आणि २०२३ च्या पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी फेरी मोजली. तिथे प्रशिक्षक काइल शॅनहॅन यांचा शब्द वजनदार. घेतला ट्रे लान्स. तो तिथे चार सामन्यांत सुरुवातीपासून खेळला आणि ऑगस्ट २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या पाळीवर डॅलसला गेला. दरम्यान २०२२ च्या ड्राफ्टमधल्या अगदी शेवटच्या, २६२ व्या क्रमांकावर ब्रॉक पर्डी मिळाला होता, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये महोम्ससमोर सुपर बोल खेळला तो पर्डी.

सहायक प्रशिक्षकांचं ऐकावं का?

त्यांच्या विषयापुरतं जरूर ऐकावं. ब्रॅडी घ्या म्हणून जोर लावणारे पेट्रियट्सचे क्वार्टरबॅक कोच डिक रेबिन होते. ऑगस्ट २००१ मध्ये त्यांचं अकस्मात निधन झालं. ब्रॅडीला पहिल्यांदा सुरुवातीपासून खेळताना पाहणं त्यांच्या नशिबी नव्हतं. त्यांचं नाव ब्रॅडीच्या गोष्टीत दर वेळी घ्यायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

नकार द्यायचा कधी आणि किती वेळा?

मार्चमध्ये, नावांची फळी लावली जात असताना, सगळ्यांसमोर आणि कारण सांगून. "मला नाही आवडला" हे कारण नाही. "आमच्या पद्धतीत या जागेवरच्या खेळाडूला मागे पळत बचाव करावा लागतो आणि त्याला वळताना वेळ लागतो" हे कारण आहे. ते नाव फळीवरून उतरवायचं आणि पुन्हा चढवायचं नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत मिळू शकतील अशांपैकी पाच-सहा नावांपलीकडे नकार गेला, तर समजावं की दोष मुलांत नाही, प्रशिक्षक आणि स्काउट यांच्यात बोलणंच झालेलं नाही.

ड्राफ्टच्या रात्री मात्र नकार नाही. पहिल्या फेरीतही निवडीला मोजकीच मिनिटं असतात, शेवटच्या फेरीत तर चार. फोन वाजत असतात. तेवढ्या वेळात नवा वाद सुरू केला, तर जो मोठ्यानं बोलतो तो जिंकतो.

दोघांचं पटतच नसेल तर?

मग मालकानं एकाला निवडावं, आणि लवकर. पिट्सबर्गमध्ये प्रशिक्षक बिल काउहर आणि खेळाडू विभाग सांभाळणारे टॉम डोनाहो यांचं बिनसलं तेव्हा मालक डॅन रूनी यांनी जानेवारी २००० मध्ये प्रशिक्षकाला ठेवलं. पण प्रशिक्षकाला सगळे अधिकार देऊन टाकले नाहीत, तर डोनाहो यांच्या जागी केव्हिन कोल्बर्ट यांना आणलं. फेब्रुवारी २००६ मध्ये चषक आला. फिलाडेल्फियानं २०१५ मध्ये उलट केलं. जनरल मॅनेजर हाउई रोझमन यांना बाजूला सारून खेळाडू निवड प्रशिक्षक चिप केली यांच्याकडे दिली. केली यांनी लशॉन मकॉयला बफलोला पाठवलं, संघ ६-९ वर असताना डिसेंबरमध्ये ते गेले, रोझमन परत आले आणि दोन वर्षांनी ईगल्सनी आपला पहिला सुपर बोल जिंकला.

टीव्हीवर ड्राफ्ट बघताना हे कसं ओळखायचं?

निवडीनंतरच्या पत्रकार परिषदेत आधी कोण बोलतं ते बघा. "हा मुलगा आम्ही सप्टेंबरपासून बघतोय" असं जनरल मॅनेजर सांगतो आणि मग प्रशिक्षक सांगतो की त्याला कुठल्या जागी, कुठल्या कामाला लावणार, तर घर नीट चाललंय. प्रशिक्षकच दोन्ही उत्तरं देत असेल आणि त्याच्या करारात एकच वर्ष उरलं असेल, तर त्या संघानं पुढच्या वर्षीची पहिली फेरी कोणाला देऊन टाकली आहे का, हे मी त्याच रात्री शोधतो.